दंडाची पावती आणि वाडवडिलांची जमीन

१/
मागील आठवड्यात ऑस्ट्रेलियातील माबो खटल्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एका वाचकाने विचारले, "हे सारे तिकडचे झाले. आपल्या धाराशिव जिल्ह्यात आदिवासी आहेतच कुठे? आणि असले तरी त्यांची वाडवडिलांची भूमी कोणती?" प्रश्नात थोडा उपरोध होता, तरी प्रश्न खरा आहे. उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून हा धागा. लांबला आहे, सवडीने वाचावा.

२/
माझे मत आधीच सांगून टाकतो. 'पहिला कोण आला' हा प्रश्न भूमिहक्काच्या वादात फारसा उपयोगाचा नाही. विचारायचे ते हे, की एखाद्या समूहाला एका जागी टिकू न देणाऱ्या राज्यसंस्थेने पुढे त्याच समूहाकडे एका जागी टिकल्याचा पुरावा मागावा काय? ऑस्ट्रेलियात हा प्रश्न सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. आपल्याकडे तो तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसून आहे.

३/
माबो खटला थोडक्यात असा. १७८८ मध्ये इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात वसाहत केली ती एका गृहीतकावर : ही भूमी कोणाचीच नाही. तिथे माणसे होती, त्यांची असंख्य कुळे आणि भाषा होत्या. पण कुंपण नव्हते, नांगर नव्हता, खातेवही नव्हती, म्हणून कायद्याच्या नजरेत मालकही नव्हता. लॅटिनमध्ये या कल्पनेला 'टेरा नलियस' म्हणतात. टॉरस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे एडी कोइकी माबो आणि त्यांचे सहकारी १९८२ मध्ये याविरुद्ध न्यायालयात गेले. ३ जून १९९२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने ते गृहीतक मोडीत काढले. निकाल ऐकायला माबो नव्हते. पाच महिन्यांपूर्वीच त्यांचे निधन झाले होते. पुढच्या वर्षी तिथे 'नेटिव्ह टायटल'चा कायदा झाला.

४/
एवढी गोष्ट अनेकांना ठाऊक असते आणि ती ऐकून बरे वाटते. तिच्यातील एक बारकावा मात्र सुटतो. मेरचे लोक बागा लावणारे होते. कोणाची बाग कुठे संपते, बापामागे ती कोणाकडे जाते, हे त्यांना दाखवता येत होते. हद्द आणि वारसा या दोन गोष्टी न्यायालयांना जगभर ओळखीच्या असतात. ज्यांच्या जगण्यात हद्दच नव्हती, किंवा ज्यांना हद्दीबाहेर हाकलले गेले, त्यांचे काय झाले?

५/
त्यांचे काय झाले ते मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांना विचारावे. नव्या कायद्यान्वये त्यांनी आपल्या भूमीवर दावा केला. १९९८ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. कारण असे, की त्यांच्या पूर्वजांचा जमिनीशी असलेला परंपरागत संबंध एकोणिसाव्या शतकातच तुटला. इतिहासाच्या भरतीने तो वाहून नेला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायपीठानेही तोच निकाल कायम केला.

६/
हा निकाल कोणत्या कागदांवर उभा राहिला, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावे. एक होता एडवर्ड कर या गोऱ्या मेंढपाळ-जमीनदाराचा आठवणींचा ग्रंथ, १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेला. म्हणजे ज्याने ती कुरणे व्यापली त्याचीच साक्ष विश्वासार्ह ठरली, आणि वारसांनी शपथेवर सांगितलेल्या घराण्यातील आठवणी तिच्यापुढे फिक्या पडल्या. दुसरा होता १८८१ चा एक अर्ज. मलोगा मिशनवरच्या ४२ मूळ रहिवाशांनी गव्हर्नरकडे थोडी जमीन मागितली होती : आम्ही शेती करू, गुरे पाळू, स्थिर होऊ. शंभराहून अधिक वर्षांनी न्यायालयाने हा अर्ज वाचला आणि निष्कर्ष काढला की, पाहा, यांनी तेव्हाच आपली जुनी रीत सोडलेली दिसते.

७/
हे दोनदा वाचावे. जमीन हिरावली गेली म्हणून त्यांनी जमीन मागितली, आणि जमीन मागितली हाच त्यांचा हक्क संपल्याचा पुरावा ठरला. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ऑस्ट्रेलिया आठवलाच नाही. कळंब आणि वाशी तालुक्यांतील पारध्यांच्या पेढ्या आठवल्या.

८/
आता घरी येऊ. 'टेरा नलियस'ला मराठवाड्याच्या महसुली बोलीत जवळचा शब्द आहे : खारीज खाता. जिच्यावर कोणाचे खाते नाही, म्हणून जी सरकारची, ती जमीन. तिच्या शेजारीच परमपोक, पडीक, गायरान, माळ हे शब्द बसतात. त्यांचे कायदेशीर अर्थ वेगवेगळे आहेत. मात्र या जमिनीवर माणूस जगत असेल, तर तो तिथे का जगतो हे विचारण्याची सोय त्यांतल्या एकाही शब्दात नाही.

९/
हे शब्द कागदावर आले ते मोजणीबरोबर, आणि आपल्या जिल्ह्यातील मोजणीचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही कंपनीच्या हवाली केला. १८६० मध्ये तो परत मिळाला. मधल्या काळात नळदुर्गचा कारभार काही वर्षे फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. त्याने इथे जमीनमोजणीचे काम हाती घेतले. हाच टेलर 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या १८३९ च्या कादंबरीचा लेखक. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची 'तारा' ही कादंबरीही त्याचीच, १८६३ ची.

१०/
टेलर दुष्ट होता असे मला म्हणायचे नाही. त्या काळातील गोऱ्या अधिकाऱ्यांत तो बराच सहृदय म्हणावा लागेल. परंतु जमिनीला खातेदार हवा आणि भटक्या माणसावर नजर हवी, या दोन्ही कल्पना आपल्या जिल्ह्यात एकाच काळात, कधी एकाच मेजावर, रुजत होत्या. ठगांच्या बंदोबस्तातून 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना बळावली. १८७१ मध्ये तिचा कायदा झाला.

११/
त्याआधी माळाकडे पाहू. बालाघाटाच्या पठारावर दाट अरण्य फारसे नाही. येडशीचे रामलिंग अभयारण्य आहे, तेही जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे. बाकी सारा गवताळ माळ. महसूल खात्याला तो पडीक दिसतो. फासे पारध्याला तो भरलेला दिसे. तित्तर, लावा, ससा, हरीण यांच्या वाटा कुठल्या, पाणवठा कुठला, कोणत्या ऋतूत फास कुठे लावायचा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पिकात हरणांचे कळप घुसले की हाच पारधी गावाला हवासा वाटे. म्हणजे त्याचा त्या मुलखाशी संबंध होता, ठरलेला होता, ऋतुमानाने बांधलेला होता. तो सात-बाऱ्यावर उतरवता येण्याजोगा मात्र नव्हता.

१२/
गावगाड्यात हक्क मिळे तो वतनाने. पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार. अगदी ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्या महारांकडेही हाडकी-हाडोळ्याच्या वतनजमिनी होत्या. ते वतन म्हणजे गुलामीची साखळी होती हे बाबासाहेबांनी ठणकावून सांगितले. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली ती याच प्रश्नावर. तरीही तुलनेसाठी लक्षात घ्या : अन्याय्य का होईना, वतनाचा कागद होता. पारध्याकडे तोही नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गावगाडा' हा ग्रंथ मी परीक्षेसाठी आणि नंतर आवडीनेही वाचला. त्या थोर ग्रंथातही 'फिरस्ते' येतात ते गावावरचे ओझे म्हणूनच.

१३/
१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली आणि १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्रित करण्यात आला. नोंदणी, बोटांचे ठसे, पोलीस पाटलाकडे हजेरी, हद्द सोडायची तर परवाना, आणि सरकारला वाटल्यास मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याची मुभा. शेजारच्या सोलापुरात या जमातींसाठी सेटलमेंट उभी राहिली : तारेच्या कुंपणात वस्ती आणि दिवसा गिरणीत मजुरी. सोलापुरातील एका भागाचे नाव आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आहे. रोज तिथून ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात 'फ्री' म्हणजे कशापासून, हा प्रश्न येत असेल कोण जाणे.

१४/
इथे कोणी म्हणेल, आपला जिल्हा तर निजामाचा. इंग्रजी कायद्याचा संबंध काय? नकाशा पाहा. बार्शी इंग्रजी मुलखात, येडशी निजामीत. माळाला ती सीमा दिसत नव्हती, हरणाला दिसत नव्हती आणि पारध्यालाही नाही. एका बाजूने हाकलले की दुसऱ्या बाजूला जायचे. तिथेही संशय पुढे जाऊन बसलेलाच असे.

१५/
त्याच निजामी राज्याच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते, ते पाहण्यासारखे आहे. आदिलाबादच्या डोंगरांत गोंड नेता कोमरम भीम यांनी जल, जंगल, जमिनीसाठी बंड केले. १९४० मध्ये जोडेघाट येथे ते मारले गेले. राज्यकर्ते हादरले. त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना बोलावले, अहवाल घेतले, गोंडांना जमिनीचे पट्टे देण्यास सुरुवात केली, आणि १३५६ फसलीत, म्हणजे १९४६ च्या सुमारास, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र नियमन केले.

१६/
राज्य एक, काळही एकच. गोंडांना अभ्यासक भेटला, पारध्यांना फौजदार. फरक कशामुळे पडला असावा? माझा तर्क असा : गोंड एका सलग डोंगराळ प्रदेशात होते, त्यांच्या जुन्या राजवटींची स्मृती होती, 'हा त्यांचा मुलूख' असे नकाशावर दाखवता येत होते. पारधी सगळ्या गावांच्या मधल्या फटींत होते. आपल्या कायद्याला प्रदेश समजतो. फट समजत नाही.

१७/
मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये संपला, केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द केला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला, आणि पोलीस ठाण्यांची जुनी सवय नव्या नावाने चालू राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. त्या कायद्याची गरज होती. माळढोक आणि काळवीट यांची अवस्था पाहता कोणी नाकारणार नाही. मात्र ज्यांची चूल त्यावर पेटत होती, त्यांना बदल्यात काय दिले, याचे उत्तर मिळत नाही.

१८/
लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचले नसेल तर वाचा. ते लातूरजवळच्या धनेगावचे. १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होते. जमात वेगळी, शिक्का तोच. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात तेर येते, नळदुर्ग येतो, धाराशिवची लेणी येतात, तुळजाभवानी येते. हे पुस्तक त्याच यादीत का येत नाही?

१९/
आजचे चित्र. कळंब, वाशी आणि आसपास पारध्यांच्या वस्तीला 'पेढी' म्हणतात. वृत्तपत्रांतही 'पारधी पेढी' असाच उल्लेख येतो. बाकी महाराष्ट्रात पेढी म्हणजे सराफाची किंवा सावकाराची गादी. इथे ती गावापासून दूर, बहुधा गायरानात किंवा माळावर, पत्र्याच्या आणि कुडाच्या घरांची. बातम्या वाचल्या तर पेढीचे नाव सहसा छाप्याच्या मथळ्यातच आढळते.

२०/
२०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे दोन टक्के होते. फासे पारधी त्या यादीत आहेत. मात्र यादीत असणे वेगळे आणि दाखला हातात असणे वेगळे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख. त्या दिवशी तुमचे कुटुंब या राज्याच्या हद्दीत राहत होते याचा आधार द्यावा लागतो. आता तारखा जुळवून पाहा. ६ सप्टेंबर १९५० रोजी गुन्हेगार जमाती कायदा केंद्राच्या पुस्तकात अजून जिवंत होता. त्या दिवशीचा शाळेचा दाखला किंवा जमिनीचा उतारा अशा कुटुंबाने कुठून आणायचा?

२१/
मराठवाड्यातील तरुणांना हे नीट समजेल. गेल्या काही वर्षांत निजामकालीन नोंदींसाठी आपण सर्वांनी मोडी आणि उर्दू कागद धुंडाळले, खासरा पत्रके उघडली, हैदराबाद गॅझेटियर हे नाव चहाच्या टपरीवर ऐकले. जुन्या कागदावरचा एक शब्द घराण्याचे भवितव्य फिरवू शकतो, हे आपण पाहिले आहे. मग ज्यांचे नाव त्या खासऱ्यात उतरवलेच गेले नाही, त्यांच्याविषयी दोन क्षण थांबून विचार करणे आपल्याला अवघड जाऊ नये.

२२/
जमिनीकडे येऊ. आपल्याकडे गायरानाचा लढा मुख्यतः दलित भूमिहीनांनी उभा केला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५३, १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह. पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियान. पारधी कुटुंबे याच वाटेने मागाहून आली. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय या लढ्याचे मोठे फळ : १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी गायरानावर शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करावीत.

२३/
आणि पुरावा? इथे मला या साऱ्या कथेतील सर्वांत विलक्षण गोष्ट सापडते. तलाठ्याकडे 'गाव नमुना १-ई' नावाची नोंदवही असते, ती अतिक्रमणांची. त्या वहीत तुमचे नाव असेल, तुम्हाला दंड झाला असेल, पंचनामा झाला असेल, तर तुम्ही त्या साली त्या जमिनीवर होता हे सिद्ध होते. म्हणून गायरान कसणारी घरे दंडाच्या पावत्या जपतात. पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत, देवाच्या गाठोड्याजवळ. ज्या कागदाने तुम्हाला गुन्हेगार म्हटले, तोच तुमचा मालकीचा एकमेव कागद.

२४/
उलटेही घडते. तलाठ्याने दयेपोटी किंवा आळसापोटी नोंदच घेतली नसेल, तर वीस वर्षे नांगर चालवूनही तुम्ही तिथे नव्हताच. ज्याला कोणी छळले नाही त्याच्याकडे पुरावा नाही. योर्टा योर्टांच्या १८८१ च्या अर्जाची आठवण मला होते ती इथे. दोन्हीकडे दुबळ्या माणसाने प्रबळाशी केलेल्या व्यवहाराचा कागद उरला; फक्त तिथे तो कागद वारसांच्या विरोधात गेला आणि इथे चुकून बाजूने.

२५/
आता न्यायालये. जानेवारी २०११ हा महिना भूमिहक्काच्या अभ्यासकाने वहीत लिहून ठेवावा. ५ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या पीठाने अहमदनगर जिल्ह्यातील एका भिल्ल स्त्रीवरील अत्याचाराच्या खटल्यात निकाल दिला. त्यात सविस्तर विवेचन आहे, की आदिवासी हेच बहुधा या देशाचे मूळ रहिवासी असून बाकीचे आपण बहुसंख्य लोक बाहेरून आलेल्यांचे वंशज आहोत. २८ जानेवारीला, म्हणजे तेवीस दिवसांनी, त्याच पीठाने जगपालसिंग खटल्यात सर्व राज्यांना आदेश दिला : गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा.

२६/
दुसरा निकाल मूळचा पंजाबातील एका गावतळ्याविषयी होता. ते बुजवून त्यावर बांधकाम झाले होते. तिथे न्यायालयाचा संताप योग्यच होता. शिवाय भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने जमीन दिली असेल तर अपवाद करता येईल, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण कचेऱ्यांतून निकाल उतरतो तो पहिल्या वाक्यापुरता. तळे बुजवणारा सधन आणि गायरानात दोन एकर ज्वारी पेरणारा निर्धन, दोघांनाही नोटिशीवर 'अतिक्रमणधारक' हाच एक शब्द. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसा निघाल्या, तेव्हा हे पुन्हा दिसले.

२७/
पीठ एकच, महिनाही एकच. 'तुम्ही या भूमीचे पहिले' असे म्हणणे सोपे. त्याने कोणाची एक गुंठाही जमीन हलत नाही. म्हणूनच सुरुवातीला म्हटले, की पहिलेपणाचा मान हा भूमिहक्क नव्हे. अनेकदा तो भूमिहक्काच्या बदली दिलेला नारळ असतो.

२८/
दोन आक्षेप गंभीर आहेत, त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला : पारधी मूळचे इथले नाहीतच. त्यांची बोली गुजरातीला जवळची, काही घराणी आपला वंश राजस्थानाशी जोडतात. हे खरे आहे आणि मला त्याने काही अडचण वाटत नाही. मराठवाड्यातील किती घराणी आपले मूळ दुसरीकडचे अभिमानाने सांगतात! त्यांच्या सात-बाऱ्याला कोणी म्हणून हात लावत नाही. कित्येक पिढ्या एका मुलखावर जगणे आणि त्या जगण्याला राज्याने गुन्हा ठरवणे, यांतून हक्क निर्माण होतो. मूळ गाव कोणते यातून नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला तोही 'ऐतिहासिक अन्याय' या शब्दांना पायाशी घेऊन. त्याच्या आधारेच गडचिरोलीतील मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला.

२९/
दुसरा आक्षेप अधिक जड आहे : गायरान गुरांचे, साऱ्या गावाचे, ते वाटून टाकले तर शेळ्या-मेंढ्या राखणारा धनगर, एक गाय असलेली विधवा, यांनी काय करायचे? हा आक्षेप घेणाऱ्यांशी माझे भांडण नाही. माळ संपला तर सगळेच हरतील. माझी शंका एवढीच, की हीच माणसे गायरान सौर प्रकल्पांसाठी देण्याचे धोरण आले तेव्हा इतक्या आवाजात गुरांची आठवण काढताना दिसली नाहीत. गुरांचा हक्क मोजायचा असेल तर सर्वांसमोर मोजावा, फक्त पेढीसमोर नको.

३०/
माझी मागणी छोटी आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्याचा एक उदार नियम आहे, नियम १३. त्यात सरकारी कागद आहेतच; शिवाय दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्यांचे जबाब, वंशावळ, घर, विहीर, दफनभूमी, देवस्थान यांसारख्या प्रत्यक्ष खुणाही पुरावा म्हणून चालतात. धाराशिवच्या पारध्याला त्याचा लाभ नाही, कारण त्याच्या पायाखालची जमीन वन म्हणून नोंदलेली नाही; ती गायरान आहे. पूर्वज तोच, अन्यायही तोच, फक्त जमिनीचे शीर्षक वेगळे. हाच नियम गायरानावरील विमुक्त आणि आदिवासी कुटुंबांना लावावा. त्यात एक भर घालावी : पोलीस ठाण्यांतील जुनी हजेरीपुस्तके आणि गुन्हे नोंदवह्या निवासाचा पुरावा म्हणून मान्य कराव्यात. ज्या राज्याने या लोकांची इतकी बारकाईने हजेरी घेतली, ते 'तुम्ही इथे होता हे आम्हाला माहीत नाही' असे कसे म्हणू शकते?

३१/
त्या नोंदवह्या जपल्या जात नाहीत, रद्दीत जातात. आपण इतिहासाचे विद्यार्थी सनदा, बखरी, ताम्रपट शोधत हिंडतो. हजेरीचे पुस्तक कोणाला हस्तलिखित वाटत नाही. मलाही कालपरवापर्यंत वाटत नव्हते. एडवर्ड करचा ग्रंथ छापला गेला म्हणून टिकला आणि टिकला म्हणून खरा ठरला, यात दोष एकट्या न्यायाधीशांचा नव्हता. पुराव्याची उतरंड आपणच रचतो.

३२/
शेवटी एक कामाची गोष्ट. आपल्या ओळखीत कोणी गायरान कसणारे असेल आणि घरात जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, तहसीलच्या नोटिसा असतील, तर त्यांचे लॅमिनेशन करू नका. जुना कागद आणि शाई त्याने खराब होते. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा, पावतीवरचा क्रमांक आणि तारीख वेगळी लिहून ठेवा, आणि तलाठ्याकडे १-ई च्या नकलेचा लेखी अर्ज करून पोच घ्या. कागद उर्दूत किंवा मोडीत असेल तर मला संदेश पाठवा. वाचून देतो, आणि ज्याचा कागद त्याच्याच घरी राहील.